फायबरची जुनी होडी: पाणी प्यालेला फोम, तळाची चीर आणि पावसाआधीचे सहा आठवडे

कर्लीकाठ | १४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आम्ही देवबागचे. फेब्रुवारीत मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून एक वापरलेली फायबरची होडी घेतली. अठरा फुटी, उघडी, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड. कर्लीच्या खाडीत, आणि वारा पडलेला असेल तर खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या थोडं बाहेर जाऊन जाळी मारायची, एवढाच वापर. घेताना तळाला उजवीकडे, नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) पाचेक फुटांवर, हातभर लांब पट्टा वेगळ्या रंगाचा दिसत होता. विकणारा म्हणाला, खडकाला घासली होती, नीट करून घेतली आहे. आम्ही मान्य केलं.

दोन महिन्यांत जे दिसलं ते सांगते. आधी चार जणांत वाळूवर ओढून व्हायची, आता सहा जण लागतात. रिकामी असताना पाण्याच्या वर चार बोटं दिसणारी लाल रेघ आता पाण्याखाली असते. आणि वर काढून दोन दिवस ठेवली तरी मागच्या बुचाच्या भोकातून पाणी ठिबकत राहतं. तपकिरी, कुबट वासाचं.

काल भावाने त्या पट्ट्यावर ग्राइंडर फिरवला. रंगाखाली गाडीला भरतात ती पुट्टी निघाली, अंगठ्याएवढी जाड. पुट्टी पडली तशी खाली चीर दिसली. भावाने त्यात सायकलचा आरा घातला, तो कुठे अडलाच नाही. बाहेर ओढला तर टोकाला ओल्या पिवळ्या फोमचा चुरा चिकटलेला, आणि मागोमाग पाण्याची बारीक धार.

प्रश्न असे: फोम उन्हात वाळेल का? चीर फक्त बाहेरून बुजवून चालेल का? १ जूनपासून मासेमारी बंद होते, पाऊसही येतो, म्हणजे आमच्या हातात सहा आठवडे आहेत. तेवढ्यात होईल का?

अजून एक. "फोम काढून टाका, नाहीतरी काय उपयोग" असं गावात दोघांनी सांगितलं. मी शाळेत असताना माझा मामा आणि त्याचा सोबती संगमाच्या तोंडाशी अचानक आलेल्या वाऱ्यात सापडले होते. होडी काठोकाठ भरली, पण फोममुळे बुडाली नाही. दुसरी होडी येईपर्यंत दोघे तिला धरून राहिले. त्यामुळे आमच्या घरात फोमशिवाय होडी पाण्यात जाणार नाही, आईने तसं स्पष्ट सांगितलं आहे.

आबा_निवती | १४ एप्रिल, रात्री १०.१५

गो बाय, आधी होडी वजनकाट्यार ने. टेंपोत घालून वजन कर, मगे रिकाम्या टेंपोचा कर. सहा माणसांक जड लागता म्हणजे किती जड तां कळूक होया. आणि भावाक सांग, आरा परत घालू नको.

दर्या_उरण | १५ एप्रिल, सकाळी ७.०५

फोम काढा, जागा रिकामी ठेवा, वरून फ्लोअर, म्हणजे आपण उभे राहतो तो पत्रा, हवाबंद करा. हवा फोमपेक्षा हलकीच असते. आमच्याकडे दोन होड्यांना असंच केलं आहे.

रेझिनरोलर | १५ एप्रिल, दुपारी १.३०

ताई, मी गोव्यात होड्यांच्या कारखान्यात सोळा वर्षं लॅमिनेशन, म्हणजे काचेच्या धाग्याचे थर रेझिनने (घट्ट होणाऱ्या राळेने) जोडायचं काम, केलं आहे. क्रमाने सांगतो.

फोम वाळणार नाही. होडीत भरतात तो पॉलियुरेथेनचा बंद कप्प्यांचा फोम असतो. नवा असताना पाणी शोषत नाही. पण वर्षानुवर्षं लाटांचे हादरे, त्यात खाली साचलेलं पाणी सतत दाबत असतं, मग एकेक कप्पा फुटतो आणि भरतो. जे पाणी आत जायला दहा वर्षं लागली ते महिनाभराच्या उन्हाने बाहेर येत नाही, कारण प्रत्येक थेंब आपापल्या डबीत बंद आहे. वरचा फोम कोरडा लागेल, हात फसेल. तळाशी असलेला बघा.

चीर बाहेरून बुजवायची नाही. ओल्या काचेवर रेझिन धरत नाही. वरून दिसायला झकास होतं आणि पहिल्या उधाणाला खपली निघावी तसं निघतं. मागच्या माणसाने पुट्टी भरली त्याचं हेच झालं. पुट्टीत काचेचा धागा नसतो, तिला ताकद नसते, ती फक्त खड्डा लपवते.

दर्याभाऊ, हवा हलकी हे खरं. पण रिकाम्या कप्प्याला एक चीर गेली की तो सगळा भरतो. फोमला चीर गेली तर चिरेपुरतं पाणी येतं. ज्या होडीला आधीच एकदा खडक लागला आहे तिथे मी रिकामी पोकळी ठेवणार नाही.

आधी करायचं ते: नाण्याने तळ वाजवत फिरा. टणक, स्पष्ट आवाज येतो तिथे थर एकसंध. मेलेला, भद्द आवाज येतो तिथे थर सुटलेत किंवा मागे पाणी आहे. खडूने खुणा करा. इंजिन लागतं ती मागची पाटी, म्हणजे ट्रान्सम, तीही वाजवा, आतलं प्लायवूड कुजलेलं असू शकतं. इंजिनाचा पाय धरून वर-खाली हलवा. पाटी वाकताना दिसली तर तळाआधी तिचं काम.

सागरवेल | १५ एप्रिल, दुपारी ३.१०

नाण्याऐवजी प्लास्टिकच्या हातोडीची मूठ चालते का? आमच्याकडे छोटी कयाक आहे, तिचाही असाच संशय आहे.

रेझिनरोलर | १५ एप्रिल, दुपारी ३.४०

चालते. लाकडी मूठ आणखी बरी. आणि रात्री पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर चौकोन तळाला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलेलं दिसलं तर फायबरमध्ये ओल आहे. ओल मोजायचं मशीन नसलं तरी एवढं कळतं.

मिशिगनचा_मोरेश्वर | १६ एप्रिल, पहाटे ५.२०

इथे मिशिगनमध्ये तळ्यांवर जुन्या होड्या स्वस्तात मिळतात आणि त्यातल्या बऱ्याचशांचा रोग हाच. इथे हिवाळ्यात फोममधलं पाणी गोठतं, फुगतं आणि उरलेले कप्पे फोडतं, त्यामुळे आमचा फोम तुमच्यापेक्षा लवकर मरतो.

वाळवण्याचा प्रयोग मी केला आहे. सोळा फुटी होडीच्या फ्लोअरला भोकं पाडली, गराजमध्ये पंखा लावला, पाच आठवडे रोज बघत होतो. शेवटी फ्लोअर कापलं तर भोकाभोवती लिंबाएवढा भाग कोरडा, बाकी चिंब. ते पाच आठवडे वाया गेले. तुमच्याकडे एकूण सहाच आहेत, म्हणून हे आधी लिहितोय.

फोमवर विश्वास का ठेवायचा याचं एक जुनं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत असतं. बोस्टन व्हेलर कंपनीच्या डिक फिशरने १९६१ साली आपल्याच होडीत बसून ती करवतीने मधोमध कापून घेतली. 'लाइफ' मासिकात ते फोटो आले होते. होडीचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तरंगत राहिले. कोरड्या फोमची ही ताकद आहे. ओल्या फोमचा तोच तुकडा वजन म्हणून बसतो.

आणि फोम किती, यापेक्षा फोम कुठे, हा प्रश्न मोठा आहे. वजनाचा आकडा आला की त्यावर लिहितो.

कर्लीकाठ | १८ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आबांचं ऐकलं. काल टेंपोत घालून काट्यावर नेली. इंजिन, टाकी, जाळी सगळं काढून होडी भरली ५५० किलो. मूळ कागदावर रिकाम्या होडीचं वजन ३३० लिहिलेलं आहे. म्हणजे २२० किलो पाणी. वीस लिटरचे अकरा जार भरून आम्ही रोज मासे मारायला नेत होतो.

प्लास्टिकचा चौकोन चिरेजवळ लावला होता, सकाळी आत थेंब जमले होते. डाव्या बाजूचा कोरडा निघाला. ट्रान्सम टणक वाजतो, इंजिनाचा पाय हलवला तरी पाटी हलत नाही. ते एक सुख.

उद्या फ्लोअर कापतोय. कसं कापायचं?

रेझिनरोलर | १८ एप्रिल, रात्री ८.००

काठाला चिकटून कापू नका. चारही बाजूंनी दोन इंच कड सोडा, नंतर फ्लोअर त्याच कडेवर बसवता येईल. पात्याची खोली फ्लोअरच्या जाडीएवढीच लावा, नाहीतर तळ कापाल, हे मी प्रत्यक्ष होताना पाहिलं आहे. कापलेला पत्रा फेकू नका, तोच परत लागणार. आडव्या पट्ट्या कुठे आहेत ते आधी वाजवून खुणा करा, त्या तोडायच्या नाहीत.

पूर्ण बाह्या, चश्मा, धुळीचा मास्क. काचेची धूळ कातडीत बसली की दोन दिवस झोप नाही. आंघोळ आधी थंड पाण्याने.

रसायनवाली | १८ एप्रिल, रात्री ९.१५

एक गोष्ट फोम काढण्याआधीच सांगते. काढलेला फोम जाळू नका, चुलीत, बंबात, शेकोटीत कुठेही नाही. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड निघतो. गरम तारेने कापायचाही प्रयत्न नको. सुरी, कोयता, फावडं, बास. चुरा वाऱ्याने समुद्रात जाऊ नये म्हणून काम ताडपत्रीवर करा आणि लगेच पोत्यात भरा.

कर्लीकाठ | २१ एप्रिल, रात्री ९.५०

दोन दिवस आम्ही चौघे फोम काढत होतो. सविस्तर लिहिते, कारण कुणाला तरी पुढे उपयोग होईल.

फ्लोअर उचललं तेव्हा वरचा फोम पिवळा, हलका, कोरडा. भाऊ म्हणाला, बघ, चांगला आहे. पाव कापायच्या लांब सुरीने वीतभर खाली गेलो तसा रंग बदलत गेला: पिवळा, मग मधासारखा, मग तळाशी चहाच्या चोथ्यासारखा. तिथला मुठीएवढा गोळा मी हातात घेऊन पिळला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि गोळा हातात लगदा झाला. तळाला चिकटलेला थर कोयत्याच्या पाठीने खरवडून काढावा लागला.

आणि खरी गोष्ट तळाशी सापडली. आम्ही समजत होतो पाणी चिरेतून आलं. चिरेतून आलं असेलच, पण सर्वात भिजलेला फोम मागे होता, चिरेपासून दहा फुटांवर. फ्लोअरखालून मागच्या बुचापर्यंत पीव्हीसीची नळी गेली आहे. ती ट्रान्समला लागते तिथला सांधा निखळला होता. होडी धुतली, पावसाचं पाणी साठलं, लाट आत आली, की फ्लोअरवरचं पाणी नळीतून बाहेर जाण्याऐवजी सांध्यातून फोममध्ये जायचं. शिवाय माशांची पेटी धरून ठेवायला कुणीतरी फ्लोअरमध्ये चार स्क्रू मारले होते, तेही गंजून त्यांची भोकं मोठी झालेली.

चीर बुजवून आम्ही समाधान मानलं असतं तर पुढच्या वर्षी होडी पुन्हा तेवढीच जड झाली असती. हे लिहिताना मला खूप बरं वाटतंय की आम्ही उघडून बघितलं.

सतरा पोती भरली.

आबा_निवती | २१ एप्रिल, रात्री १०.०५

शाबास. आता गोड्या पाण्यान धुव. मीठ ऱ्हवला तर तां हवेतला पाणी ओढता, सुकाक देयना नाय.

रेझिनरोलर | २२ एप्रिल, दुपारी १.१५

आबा बरोबर बोलले. तीनचार दिवस रोज गोड्या पाण्याने धुवा, मग सावलीत वारा खेळेल अशी ठेवा, वर ताडपत्री पण बाजू मोकळ्या. रात्री प्लास्टिकचा चौकोन लावत राहा. दोन रात्री सलग कोरडा निघाला की काम सुरू. त्याआधी नाही, कितीही घाई झाली तरी.

आता चीर. तुमचा तळ किती जाड?

कर्लीकाठ | २२ एप्रिल, रात्री ८.३०

चिरेजवळ मोजला, ६ मिमी. चीर ३५ सेंटिमीटर. आतून बघितलं तर चिरेच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढा भाग पांढरट दिसतो.

रेझिनरोलर | २३ एप्रिल, दुपारी २.००

पांढरट भाग म्हणजे काचेपासून रेझिन सुटलंय. तेवढा सगळा घासून काढायचा, काच पुन्हा पारदर्शक, हिरवट दिसेपर्यंत. मग चिरेपासून बाहेर उतार द्यायचा. नियम जाडीच्या बारा पट: ६ मिमी जाडीला प्रत्येक बाजूला ७२ मिमी, म्हणजे साधारण चार बोटं. बशीच्या काठासारखा सौम्य उतार यायला हवा. एवढं घासायला जिवावर येतं, पण नवं लॅमिनेट जुन्याला रसायनाने जोडलं जात नाही, ते पृष्ठभागाला धरून राहतं. पृष्ठभाग जितका मोठा तितकी पकड.

फ्लोअर उघडंच आहे तर मुख्य काम आतून करा. बाहेरून चिरेवर मेणाचा हात दिलेला सनमायकाचा तुकडा ठोकून टेकू द्या, म्हणजे तळाचा आकार बाहेरून आपोआप बरोबर येतो.

घासायच्या आधी ॲसिटोनने पुसा, मग ४० नंबरच्या कागदाने घासा, मग पुन्हा कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. आधी घासलं आणि मग पुसलं तर रंगाचं, मेणाचं तेल खोल रगडलं जातं.

थर: चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची), त्यावर ६१० ची रोव्हिंग (काचेचं जाड विणलेलं कापड), पुन्हा मॅट, रोव्हिंग, मग दोन मॅट. ४५० ची एक मॅट साधारण १ मिमी भरते, रोव्हिंग त्याहून थोडी कमी. आमच्यात काही जण लहान तुकडा आधी लावतात. मी मोठा आधी लावतो, कारण मग पहिलाच थर पूर्ण उतारावर जुन्या काचेला धरतो. एका बैठकीत तीनच थर, नाहीतर आत उष्णता कोंडते आणि रेझिन करपतं. मॅटला वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं, रोव्हिंगला जवळपास वजनाएवढंच. रोलरने हवा काढताना घाई नको. पांढरा ठिपका दिसला म्हणजे बुडबुडा, तिथे परत फिरायचं.

पॉलिएस्टर रेझिन आयसोप्थॅलिक मागा. साध्यापेक्षा महाग पण पाण्याला जास्त टिकतं. रेझिन घट्ट करणारा हार्डनर एप्रिलच्या उकाड्यात १ टक्का पुरे. सकाळी दव उडाल्यावर सुरू करा, भर दुपारी रेझिन मगातच जमतं.

मिशिगनचा_मोरेश्वर | २३ एप्रिल, संध्याकाळी ७.४०

मी इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं रेझिन, वापरलं होतं. जुन्या फायबरवर त्याची पकड पॉलिएस्टरपेक्षा चांगली. तेही सांगावंसं वाटलं.

रेझिनरोलर | २३ एप्रिल, रात्री ९.००

मान्य, पकड चांगलीच. पण इपॉक्सी वापरायचं तर नेहमीची मॅट नको. तिच्यातला चिकटवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, त्यामुळे मॅट ताठ राहते, वळणावर बसत नाही. विणलेलं कापड घ्यावं लागेल. आणि एकदा इपॉक्सी लावलं की वर पॉलिएस्टर किंवा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत, रंगीत थर) नीट धरत नाही, पुढची प्रत्येक दुरुस्ती इपॉक्सीनेच. मालवणात जे रोज मिळतं, जे पुढच्या वर्षी भावाला स्वतः वापरता येईल, ते घ्या. उतार चोख दिला तर पॉलिएस्टर पुरतं.

रसायनवाली | २३ एप्रिल, रात्री १०.३०

कृपया हे वाचल्याशिवाय काम सुरू करू नका. पॉलिएस्टरबरोबर दोन बाटल्या येतात. जांभळी ती रेझिन जमायचा वेग वाढवणाऱ्या कोबाल्टची, पाण्यासारखी दिसते ती हार्डनरची, म्हणजे एमईकेपी. या दोन्ही एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायची, नंतर दुसरी. दोघींना वेगळे माप, वेगळी काठी, वेगळी जागा. शक्य असेल तर दुकानातूनच कोबाल्ट घातलेलं रेझिन आणा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चश्मा घाला, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली ठेवा. गेलाच तर लगेच किमान पंधरा मिनिटं धुवत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे.

कर्लीकाठ | ६ मे, रात्री ९.२०

मधे लिहायला वेळ झाला नाही. २ मे आणि ३ मेच्या रात्री प्लास्टिक सलग कोरडं निघालं. काल आणि आज मिळून चिरेचे सहा थर झाले. पहिल्या थराला भावाचा हात थरथरत होता, तिसऱ्यापर्यंत बसला. रोलर फिरताना पांढरी मॅट हळूहळू काचेसारखी होते आणि खालची चीर दिसेनाशी होते, ते बघत राहावं असं वाटतं.

नळी नवी घातली, सांध्याला दोन्ही बाजूंनी मॅट लावली. स्क्रूची भोकं मोठी करून भरून टाकली, तिथे आता स्क्रू मारायचा नाही असं ठरवलं आहे.

आता फोम. भावाला मासळी बाजारातून थर्माकोलच्या जुन्या पेट्या फुकट मिळतायत. त्या कापून भरल्या तर?

रसायनवाली | ६ मे, रात्री ९.५५

नको. एक थेंब रेझिन थर्माकोलच्या तुकड्यावर टाकून बघा, डोळ्यांदेखत खड्डा पडेल. रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं, आणि पेट्रोलही तेच करतं. तुमच्या होडीत पेट्रोलची टाकी आहे. एकदा गळती झाली की आतल्या आत फोम संपेल आणि वरून कळणारही नाही. पॉलियुरेथेनला दोन्हींचा त्रास नाही.

दोन द्रव मिसळून ओतायचा फोमही नवख्यांनी टाळावा असं मला वाटतं. त्यातल्या आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडू शकतो, आणि एकदम जास्त ओतला तर फुगताना फ्लोअर उचलतो. शीतगृहाला लावतात त्या पॉलियुरेथेनच्या तयार लाद्या घ्या आणि कापून बसवा.

मिशिगनचा_मोरेश्वर | ७ मे, पहाटे ६.१०

लाद्यांना माझा पाठिंबा. आता किती आणि कुठे.

समुद्राच्या पाण्यात एक लिटर कोरडा फोम जवळपास एक किलो उचलतो. तुमची होडी ३३० किलोची, पण फायबर पाण्याहून साधारण दीडपट जड, त्यामुळे बुडालेल्या अवस्थेत तिचं ओझं फक्त ११० किलोच्या आसपास. इंजिनाचे ४० धरा. नांगर, जाळी, सामान २५. चार माणसं छातीपर्यंत पाण्यात, धरून लटकलेली, प्रत्येकी २५ म्हणजे १००. झाले २७५. वर पाव हिस्सा सुरक्षेसाठी. साधारण ३४५ लिटर.

आता कुठे. तुमचा सगळा फोम फ्लोअरखाली होता. पाण्याने भरलेल्या होडीत उचलणारी वस्तू तळाशी आणि इंजिन वर असेल, तर होडी बुडत नाही पण उलटते. उलटलेल्या गुळगुळीत तळाला माणूस किती वेळ धरून राहील? इथे अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक आऊटबोर्ड होड्यांना नियम आहे की भरल्यावरही त्या सपाट तरंगल्या पाहिजेत. त्यासाठी फोम उंचावर, दोन्ही काठांना लागून हवा. फ्लोअरखालची जागा मोकळी ठेवा, तिथलं पाणी बुचातून निघून जाऊ द्या.

दर्या_उरण | ७ मे, सकाळी ८.४५

हे मला माहीत नव्हतं. आमच्या दोन्ही होड्यांना फ्लोअरखालीच पोकळी आहे. यंदा पावसात उघडून काठाला पेट्या करतो. धन्यवाद.

आबा_निवती | ७ मे, रात्री ८.२०

खरा असा. मी उलटलेली होडी धरून ऱ्हवलंय. शेवाळ असता, हात सुटता.

कर्लीकाठ | २७ मे, रात्री १०.००

झालं. काठाच्या खाली दोन्ही बाजूंना दहा दहा फुटांच्या पेट्या केल्या, नाळेत एक छोटी. लाद्या एक इंच उंच पट्ट्यांवर बसवल्या, म्हणजे चुकून पाणी आलंच तर खालून वाहून जाईल. प्रत्येक पेटीला खाली बूच आणि वर हात जाईल एवढं झाकण. एकूण ३६० लिटर फोम. बाहेरून मेण घातलेला जेलकोट दिला, साध्याचा वरचा थर चिकट राहिला असता. फ्लोअर जुन्याच पत्र्याचं, सोडलेल्या कडेवर बसवलं.

परवा पुन्हा काट्यावर नेली. ३६० किलो.

आणि आज सकाळी ओहोटीला संगमाच्या वाळूच्या दांड्याजवळ, छातीभर पाण्यात, आम्ही ती मुद्दाम भरली. इंजिनाऐवजी मागे दगडांचं पोतं बांधलं होतं. बूच काढलं, बादल्यांनी पाणी ओतलं. ती हळूहळू बसत गेली आणि काठ पाण्याला टेकायच्या चार बोटं आधी थांबली. सपाट. भाऊ आणि त्याचे तीन मित्र काठाला लटकले तेव्हा दोन बोटं उरली. मग चौघेही एकाच बाजूला गेले. होडी कलली, तो काठ पाण्याखाली गेला, पण उलटली नाही. त्यांनी सोडलं तशी सरळ झाली.

मामा किनाऱ्यावर उभा होता. तो कपड्यांसकट पाण्यात आला, काठाला हात लावून होडी दोनदा खाली दाबून बघितली आणि भावाला म्हणाला, "काठाला दोरी बांध, सगळीकडून. ओल्या हाताला धरायला काहीतरी लागतं." ती आज संध्याकाळी बांधली.

रेझिनरोलर | २८ मे, दुपारी १.००

मामांचं बरोबर आहे, ती दोरी मी सांगायला हवी होती. पावसात होडी नुसती झाकू नका, नाळ थोडी वर ठेवून बूच काढून ठेवा. आणि पहिला मोठा पाऊस झाला की पेट्यांची झाकणं उघडून बघा.

कर्लीकाठ | १५ जून, संध्याकाळी ७.१०

होडी झापांनी शाकारून ठेवली आहे, नाळ वर, बूच काढलेलं. गेले तीन दिवस धो धो पाऊस आहे. आज झाकणं उघडली. प्रत्येक पेटीत जुन्या सुती साडीची घडी ठेवली होती. नाळेतली आणि डावीकडची कोरडी. उजवीकडची एका टोकाला रुपयाएवढी ओली निघाली. झाकणाच्या एका बोल्टखाली रबराचा वायसर बसवायचा राहिला होता. वायसर लावला, घडी बदलली. रविवारी परत उघडणार आहे.